गाडी किती पळलीय?

जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती पळलीय?’ फेरारी 250 जीटीओ या इटालियन गाडीच्या डॅशबोर्डवर त्याचं उत्तर सापडत नाही. तिथं इंजिनाचे फेरे दाखवणारी मोठी तबकडी आहे, तेल-पाण्याचे काटे आहेत, पण किलोमीटरचे आकडे ज्यात असतात तो स्पीडोमीटरच नाही. शर्यतीत चालकाला गिअर कधी बदलायचा एवढं कळलं की पुरे!

1962 ते 1964 या काळात अशा अवघ्या 36 गाड्या तयार झाल्या. बोनेटखाली बारा सिलिंडरचं 2,953 सीसीचं इंजिन, त्यावर वेबरचे सहा कार्ब्युरेटर, ताकद सुमारे 300 हॉर्सपॉवर. पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, वजन एक टनाच्या आत आणि वेग ताशी सुमारे 280 किलोमीटर. मागच्या चाकांना मात्र जुन्या धाटणीचा अखंड अॅक्सल आणि कमानपाटे. जॅग्वारच्या ई-टाइपला 1961 मध्येच मागं स्वतंत्र सस्पेन्शन आलं होतं. त्यामुळं नुसता तपशिलाचा तक्ता वाचून कुणी हरखून जावं, अशी ही गाडी नव्हे.

गाडीच्या जन्मातही भांडण आहे. काम सुरू केलं अभियंते जोत्तो बिझ्झारिनी यांनी. 1961 च्या अखेरीस वादातून ते आणि इतर काही वरिष्ठ मंडळी फेरारीतून बाहेर पडली आणि गाडी पुरी करण्याची जबाबदारी 26 वर्षांच्या माउरो फोर्गिएरी यांच्यावर आली. अॅल्युमिनियमचे पत्रे मोदेनात सर्जो स्काल्येत्ती यांच्या कारखान्यात हातानं ठोकले गेले. साहजिकच, दोन गाड्या तंतोतंत सारख्या नाहीत.

‘जीटीओ’मधला ‘ओ’ म्हणजे ‘ओमोलोगातो’, शर्यतीसाठी मान्यताप्राप्त. ही मान्यता मिळवायला नियमानुसार 100 गाड्या हव्या होत्या. कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांचं म्हणणं असं, की ही आमच्या आधीच्याच 250 जीटीची सुधारित आवृत्ती आहे. आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेनं ते मान्य केलं. नव्या गाडीला जुन्या गाडीच्या नावावर परवाना, असाच हा मामला! पुढं 1962, 63 आणि 64 अशी सलग तीन वर्षं मोठ्या इंजिनांच्या जीटी गटातलं अजिंक्यपद फेरारीकडं राहिलं.

अमेरिकेत नवी गाडी सुमारे 18 हजार डॉलरला मिळे. पण शर्यतीची गाडी मागं पडायला दोन-तीन हंगाम पुरतात, आणि मागं पडलेल्या, कर्णकर्कश, गरम होणाऱ्या गाडीला घरी कोण ठेवणार? टेक्सासमधली एक जीटीओ चक्क शाळेला दान केली गेली. 1972 मध्ये शाळेनं ती विकली आणि तिला मिळाले 6,500 डॉलर. त्यानंतर ती कित्येक वर्षं ओहायोतल्या एका शेतात ट्रेलरवर उघड्यावर पडून होती.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात पिंक फ्लॉइड बँडचे ड्रमर निक मेसन यांनी आपली जीटीओ घेतली, तेव्हा तिला सुमारे 37 हजार पौंड पडले. ती 1962 च्या ल मान्स शर्यतीत एकूण तिसरी आलेली गाडी होती.

नंतरचे आकडे ऐका. 2014 च्या लिलावात एक जीटीओ 3 कोटी 81 लाख डॉलरला गेली, 2018 मध्ये दुसरी 4 कोटी 84 लाखांना. त्याच वर्षी खासगी व्यवहारात एकीला 7 कोटी डॉलर मिळाल्याचं जाहीर झालं. नोव्हेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्कला सुरुवातीला चार लिटरचं इंजिन असलेली एक गाडी 5 कोटी 17 लाख डॉलरला विकली गेली, म्हणजे सुमारे 430 कोटी रुपयांना. गंमत म्हणजे अपेक्षा त्याहून मोठी होती.

हा पैसा वेगाचा नाही. आजची चांगली स्पोर्ट्स कारही जीटीओला सहज मागं टाकेल. खरेदीदार पाहतो ते चासीचा नंबर, इंजिनाचा नंबर, कोणत्या शर्यतीत कोण चालवत होतं, अपघात कुठं झाला, पत्रा कुणी बदलला. आपल्याकडं आरसी बुक बघतात, तिथं अख्खी बाडं चाळतात. मारानेल्लोला फेरारीचा ‘क्लासिके’ विभाग कारखान्याच्या जुन्या नोंदींशी गाडी ताडून प्रमाणपत्र देतो. नक्कल करणाऱ्यांनाही चाप बसला आहे: 2019 मध्ये बोलोन्याच्या न्यायालयानं जीटीओच्या आकाराला कलाकृती म्हणून संरक्षण दिलं.

एवढं असूनही काही मालक इंग्लंडमधल्या गुडवुडसारख्या ठिकाणी या गाड्या शर्यतीत उतरवतात. पत्रा चेपला तर ठोकून सरळ करता येतो; फुटलेलं मूळ इंजिन मात्र परत मिळत नाही. म्हणून जुन्या गाड्यांच्या शर्यतींत एक रीत पडली आहे: धावायला नवं बनवलेलं इंजिन बसवायचं आणि मूळ नंबराचं इंजिन घरी जपून ठेवायचं.