घरच्या सिम्युलेटरवर प्रवासी विमान

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये खऱ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती वेगळी जोडता येते. फेनिक्सचे एअरबस ए320 आणि पीएमडीजीचे बोइंग 737 ही विकत घ्यायची. फ्लायबायवायरचे ए32एनएक्स मोफत. यांतले एकच निवडून महिनोन्‌महिने त्याच्यापाशीच राहावे, हे उत्तम.

सुरुवात बंद विमानापासून होते. ए320 मध्ये आधी दोन्ही बॅटऱ्या, मग बाहेरची वीज किंवा शेपटीतले एपीयू नावाचे छोटे इंजिन. त्यानंतर डोक्यावरच्या पॅनेलवरची दिशादर्शक यंत्रणेची तीन बटणे फिरवायची. ती स्थिर व्हायला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात एमसीडीयू या कळा-पडद्याच्या यंत्रावर निघण्याच्या बेंगळुरू विमानतळाचा संकेत व्हीओबीएल आणि उतरण्याच्या गोव्यातल्या दाबोळीचा व्हीओजीओ भरून मार्ग, वजन, इंधन नोंदवायचे. एक आकडा चुकला तर पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

खरी कसोटी उतरताना लागते. दर 1000 फूट उंचीसाठी सुमारे 3 नॉटिकल मैल अंतर धरावे. 36000 फुटांवरून उतरायचे तर 108 मैल आधीच सुरुवात हवी. जोयडा तालुक्यातले गणेशगुडी दाबोळीपासून सरळ रेषेत सुमारे 40 मैलांवर आहे. तिथला सुपा जलाशय खाली दिसेल तेव्हा विमान 13000 फुटांच्या आसपास असावे. त्याहून बरेच वर असेल तर उतरण्याची घाई होते आणि वेग आवरत नाही. ऑटोपायलट काय करतो आहे, हे समोरच्या पडद्याच्या वरच्या ओळीत सतत वाचत राहावे.

घरी केलेले हे तास वैमानिक परवान्यासाठी मोजले जात नाहीत.