काट्याचा आकडा आणि पेटंटची नोंदवही

(भवानीनगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्या इंदापूर-बारामतीच्या शेतकऱ्याला नोंदवहीचे महत्त्व कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. उसाची नोंद, तोडीची तारीख, काट्यावरचे वजन आणि सातबाऱ्यावरचे नाव यांवर त्याचा सारा प्रपंच तोललेला असतो. काट्याचा आकडा ऊस आणणाऱ्यालाही दिसला पाहिजे ही मागणी ऊस उत्पादकांच्या चळवळीत वर्षानुवर्षे होत आली ती याचमुळे. काटा कितीही आधुनिक असो, त्याचा आकडा जर केवळ काट्यामागे बसलेल्यालाच दिसत असेल, तर त्या आधुनिकतेचा लाभ एकाच पक्षाच्या पदरात पडतो. हीच कसोटी आज एका निराळ्या नोंदवहीला लावावयाची आहे. ती जमिनीची नव्हे, कल्पनांची नोंदवही आहे. पेटंट, व्यापारचिन्हे आणि भौगोलिक मानांकने तिच्यात नोंदली जातात, आणि ती आता संगणकावर आली आहे.

हा विषय वकिलांचा आणि कंपन्यांचा, कार्यकर्त्याला त्याचे काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु पेटंट म्हणजे राज्यसंस्थेने जनतेच्या वतीने एखाद्याला वीस वर्षांसाठी दिलेली मक्तेदारी होय. जी वस्तू आज कोणीही बनवू शकतो ती उद्या एकालाच बनवता येईल, असा हा करार असतो. आणि कराराचा दुसरा पक्ष सामान्य नागरिक आहे. म्हणूनच कायद्याने अर्ज प्रसिद्ध करण्याची आणि त्यावर हरकत घेण्याची सोय ठेवली. एके काळी पेटंटविषयक माहिती पाहावयाची तर एखादे मोठे कार्यालय किंवा १९८० मध्ये नागपूरला स्थापन झालेले पेटंट माहिती केंद्र गाठावे लागे. २००७ पासून अर्ज संगणकावरून दाखल होऊ लागले, पुढे शोधाचीही सोय झाली, आणि आज मुंबईत अँटॉप हिलच्या कार्यालयात दाखल झालेला अर्ज, त्यावरचा परीक्षकाचा अहवाल, अर्जदाराचे उत्तर, हे सारे घरबसल्या विनामूल्य पाहता येते. ही सुधारणा मोठी आहे, आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

तिचे मोल किती, हे बेडाक्विलिनच्या प्रकरणात दिसले. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचे हे औषध जॉन्सन अँड जॉन्सनचे. मूळ रेणूवरील पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपत होती. त्याच औषधाच्या एका क्षारावर दुसरे पेटंट मिळाले असते तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. त्या अर्जाला २०१९ मध्ये हरकत घेतली ती कोणा प्रतिस्पर्धी कंपनीने नव्हे, तर क्षयातून वाचलेल्या दोन स्त्रियांनी: मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी. क्षयाच्या जुन्या, विषारी उपचारांत दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या कार्यालयाने तो अर्ज फेटाळला आणि स्वस्त पर्यायी औषधाची वाट मोकळी झाली. यातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. टिसिले यांच्या स्वतःच्या देशात पेटंट देण्यापूर्वी हरकत घेण्याची सोयच नव्हती. तेथे अर्जाच्या गुणवत्तेची कसून तपासणी न करता पेटंट नोंदवून देण्याची पद्धत चालत आलेली. म्हणून त्यांनी दाद मागितली ती मुंबईत.

विकसनशील देशांतील पेटंट कार्यालयांच्या संगणकीकरणाकडे पाहताना हा फरक विसरला जातो. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने तयार केलेली संगणक-प्रणाली आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील कितीतरी देशांची कार्यालये वापरतात. अर्ज किती वेगाने निकाली निघतात, हे यशाचे माप मानले जाते. पण वेग हे मक्तेदारी मागणाऱ्याचे माप आहे. ज्याच्यावर ती लादली जाणार, त्याचे माप वेगळे: त्याला वही वाचता येते काय, वेळेत कळते काय, आणि आक्षेप नोंदवता येतो काय?

या मापाने पाहिले तर भारतीय कार्यालयाच्या संगणकीय सेवेचा पहिला दोष भाषेचा आहे. नियमाने कागद इंग्रजीत किंवा हिंदीत असावे लागतात; प्रत्यक्षात जवळजवळ सारा व्यवहार इंग्रजीत चालतो. महाराष्ट्राचे, गोव्याचे आणि गुजरातचे अर्ज ज्या मुंबई कार्यालयात येतात तेथे मराठी, कोकणी वा गुजराती सारांश मिळण्याची सोय नाही. याउलट सातबाऱ्याचे उदाहरण घ्या. गाव आणि गट नंबर दिला की उतारा मराठीत समोर येतो. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही मिळतो. सर्व्हर बंद पडतो, वारसाची नोंद अडते, हे सर्वांना ठाऊक आहे. संगणकीकरणात जुन्या चुकाही संगणकावर चढल्या. पण त्या मराठीत चढल्या म्हणून शेतकऱ्याच्या लक्षात आल्या! २०१७ मध्ये शासनाने गावोगाव चावडी वाचन करविले. सातबारे गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचले गेले, हरकती आल्या, दुरुस्त्या झाल्या. संगणकाच्या युगातही नोंदवहीची शुद्धता अखेर चावडीवर तपासली गेली, ही गोष्ट दिल्लीतल्या अधिकाऱ्यांनी मुद्दाम अभ्यासावी.

आणि परंपरागत ज्ञानाचे काय? हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ मध्ये रद्द करविले. त्यानंतर उभारलेल्या पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयात ही माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत घालण्यात आली. परदेशी परीक्षकाला ती समजावी हा हेतू योग्यच होता. पण ज्यांच्या आज्यांनी जखमेवर हळद दाबली, त्यांच्या भाषेची त्या यादीत गरज भासली नाही.

दुसरा दोष सूचनेचा. मार्च २०१६ च्या अखेरच्या काही दिवसांत व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाने दीड लाखांहून अधिक अर्ज अर्जदारांनी सोडून दिले आहेत असे ठरविले. कारण एवढेच की परीक्षण-अहवालाला उत्तर आले नाही. कित्येकांचे म्हणणे होते की अहवाल पोचलाच नाही. एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या आदेशांना स्थगिती दिली तेव्हा कोठे तो प्रकार थांबला. न्यायालयात गेले होते ते टाटा स्टीलसारखे अर्जदार आणि वकिलांची संघटना. मसाल्याची पुडी किंवा काकवीची बाटली विकणाऱ्या बचत गटाने दिल्लीचे न्यायालय कसे गाठावे? संकेतस्थळावर आदेश चढविला म्हणजे तो बजावला गेला, ही समजूत तलाठ्यानेही कधी बाळगली नसेल.

तिसरी गोष्ट दाराची. संगणकावरून अर्ज करण्यास डिजिटल स्वाक्षरी लागते. कागदावर केला तर शुल्क सुमारे एक दशांशाने अधिक पडते. म्हणजे ज्याला संगणक परवडत नाही त्याने जास्त भरावे! पेटंटला आधी हरकत घेणे तर २०२४ च्या नियमदुरुस्तीपर्यंत निःशुल्क होते. आता त्यालाही शुल्क आहे, आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे नियंत्रक प्रथम ठरवतो. निरर्थक हरकतींना आळा घालण्यासाठी हे केले असे समर्थन दिले जाते. त्यात काही तथ्य असेलही. परंतु बेडाक्विलिनची हरकत ज्या दारातून आली ते दार या दुरुस्तीने अरुंद केले, हे नाकारता येत नाही.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण ताजे आहे. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे मिळून तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा कंपनीने तशाच चपला मांडल्या आणि देशभर गहजब झाला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली ती जुलैमध्ये फेटाळली गेली. याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत धारक नव्हते, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. धारक आहेत ती दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. चप्पल शिवणारा कारागीर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदला गेला तरच त्या वहीत त्याचे नाव येते. त्या अर्जाचे शुल्क २०२० मध्ये ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणले गेले, हे चांगलेच झाले. पण वही चेन्नईत, अर्ज इंग्रजी किंवा हिंदीत, आणि कारागीर मिरजेच्या किंवा अथणीच्या गल्लीत. दहा रुपयांच्या अर्जासाठी मधल्या माणसाला किती द्यावे लागतात, हे कोणत्याही सरकारी अहवालात येत नाही.

म्हणून मागणी अशी असावी की प्रसिद्ध होणाऱ्या शेती, बियाणे, औषध आणि अन्न या विषयांतील प्रत्येक अर्जाचा सारांश प्रादेशिक भाषेत संगणकावर द्यावा; लहान अर्जदाराला टपालानेही सूचना द्यावी; आणि व्यक्तीने किंवा रुग्णसंघटनेने घेतलेल्या हरकतीवरील शुल्क काढून टाकावे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थेत शेतकऱ्याला हे अर्ज भरून देण्याची सोय करणे अवघड नाही. शासन हे करीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. पेटंटचे जर्नल दर शुक्रवारी निघते, व्यापारचिन्हांचे दर सोमवारी; दोन्ही फुकट वाचता येतात. तालुक्यातील दोन-तीन पदवीधर साथींनी ते चाळून शेती आणि औषधाविषयीच्या नोंदी मराठीत उतरवाव्यात आणि चावडी वाचनासारख्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात. व्यापारचिन्हाला हरकत घेण्याची मुदत प्रसिद्धीपासून चार महिन्यांची असते. पेटंटचा अर्ज प्रसिद्ध झाल्यावर सहा महिने उलटेपर्यंत पेटंट देता येत नाही. पहिला फलक येत्या गाळप हंगामाआधी लागू शकतो.