खांब आणि खण

(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभाच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम निघाले की वर्गणीच्या खालोखाल ज्या प्रश्नावरून गावात वाद होतो, तो सभामंडपातल्या खांबांचा. या गावीही तो झाला. तरुण मंडळींचे म्हणणे असे की, खांब काढून टाकावेत आणि वर सिमेंटचा एकच मोठा स्लॅब घालावा. सप्ताहाला, लग्नकार्याला जागा मोकळी होईल. वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, पूर्वजांनी उभे केलेले खांब हलवू नयेत. आणि ज्यांना या बैठकांत फारसे कोणी विचारले नाही, त्या बायामंडळींचे म्हणणे असे की, कीर्तनाला मागे बसावे लागते, नेमका खांब आडवा येतो आणि देव दिसत नाही. तिन्ही म्हणणी खरी होती, म्हणूनच वाद लांबला.

हा वाद दोन हजार वर्षांपूर्वी रोम आणि ग्रीस या देशांतही होता, आणि तेथल्या एका माणसाने तो मापांसह लिहून ठेवला आहे. बायकांची तक्रारसुद्धा त्याने वगळलेली नाही. या माणसाचे नाव व्हिट्रुव्हियस. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वी पंचवीस-तीस वर्षे, त्याने बांधकामावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला आणि तो सम्राटाला अर्पण केला. त्यातल्या तिसऱ्या भागात देवळांचा विचार आहे, आणि त्यात खांबांइतकाच विचार दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेचा आहे.

आपल्याकडे ही गोष्ट नवी वाटू नये. जुन्या घराबद्दल बोलताना घर किती खणांचे असे विचारतात, किती खांबांचे असे कोणी विचारत नाही. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि राहायचे ते खणात.

त्या देवळांची रचना आपल्यापेक्षा वेगळी होती, एवढे आधी ध्यानात घ्यावे. मध्ये चार भिंतींचा गाभारा आणि त्याच्या पुढे, पुष्कळदा चारही बाजूंनी, खांबांची रांग. एखाद्या देवळाभोवती सलग ओवरी फिरवावी तसे. खांबांच्या माथ्यावर एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत आडवी दगडी तुळई, आणि तिच्यावर छप्पर.

आता खण किती रुंद ठेवावा? व्हिट्रुव्हियस हे माप फुटांत देत नाही, खांबाच्या बुडाच्या जाडीत देतो. समजा, खांब बुडाशी 2 फूट जाड आहे. सर्वांत दाट रचनेत दोन खांबांमध्ये जाडीच्या दीडपट, म्हणजे 3 फूट मोकळी जागा. त्याहून थोडी सैल रचना म्हणजे दुप्पट, 4 फूट. तिसरी रचना तिप्पट, 6 फूट. चौथीत त्याहूनही जास्त अंतर. आणि पाचवी, जिला त्याने सुंदर खांबांची रचना असे नावच दिले आहे, तिच्यात सव्वादोन पट, म्हणजे साडेचार फूट. मात्र देवळाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला अगदी मधला खण तेवढा तिप्पट, 6 फुटांचा.

ही मापे कोठून आली हे त्याने कारणांसह सांगितले आहे, आणि खरी मौज तेथेच आहे.

पहिल्या दोन, दाट रचनांबद्दल तो म्हणतो की, घरच्या प्रौढ स्त्रिया देवदर्शनाला पायऱ्या चढून येतात तेव्हा त्यांना एकमेकींच्या हातात हात घालून जोडीने आत जाता येत नाही. एकामागे एक रांग धरावी लागते. शिवाय खांबांच्या दाटीमुळे गाभाऱ्याचे दार दिसत नाही, मूर्ती झाकल्या जातात आणि भोवती फिरण्याचा मार्ग अरुंद होतो. सम्राटासाठी लिहिलेल्या ग्रंथात ही गोष्ट दोष म्हणून नोंदवली गेली, हे या गावच्या बैठकीत बसलेल्यांनी जरूर लक्षात ठेवावे. त्याने नावे घेतलेली देवळेही लहानसहान नव्हती. ज्युलियस सीझरचे देऊळ आणि सीझरच्या चौकातले व्हीनसदेवीचे देऊळ ही दोन्ही त्याने दाट रचनेची उदाहरणे म्हणून दिली आहेत.

मग खण सरळ मोठा का करू नये? तर दगड ऐकत नाही. तिप्पट अंतराच्या रचनेबद्दल व्हिट्रुव्हियस एका वाक्यात सांगतो की, अंतर फार झाल्यामुळे तुळया मोडतात.

यामागचे कारण कोणताही पाथरवट सांगेल. दगडावर वरून भार टाका, तो शेकडो वर्षे सहन करतो; म्हणून दगडाचा खांब उत्तम. पण तोच दगड दोन टोकांवर टेकवून आडवा ठेवला की त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची बाजू ताणली जाते. दाब सोसणारा दगड ताण सोसत नाही. खालून, मधोमध, केसासारखी चीर पडते आणि ती वर चढते. लांबी वाढवली तर हा ताण सरळ हिशेबाने वाढत नाही. त्याच जाडीची तुळई दुप्पट लांब केली, तर नुसत्या तिच्या स्वतःच्या वजनाने पडणारा ताण चौपट होतो. तिप्पट केली, तर नऊपट. म्हणून खणाच्या रुंदीला मर्यादा येते. ती कारागिराच्या हौसेवर ठरत नाही, खाणीतल्या दगडावर ठरते.

अथेन्सच्या पार्थेनॉन देवळात, ज्याचे काम इसवी सनापूर्वी 447 मध्ये सुरू झाले, प्रत्येक खणावर एक अखंड जाड तुळई न घालता तीन संगमरवरी तुळया एकीला एक लावून उभ्या बसवल्या आहेत. उचलायला सोपे, आणि एखादी तडकली तरी दुसऱ्या दोघी भार घेतात. आपल्याकडच्या दगडी देवळांत हीच अडचण दुसऱ्या रीतीने सोडवलेली दिसते. खांबाच्या माथ्यावर चारही बाजूंना हात बाहेर काढलेले असतात, त्यांवर पुष्कळदा भार पेलणारे कीचक कोरलेले असतात. कीचक शोभेसाठी आहेत असे वाटते, पण त्या बाहेर आलेल्या हातांमुळे तुळईची अधांतरी लांबी दोन्हीकडून कमी होते. अंबरनाथच्या इसवी सन 1060 च्या शिवमंदिरात हे खांब पाहिले की दगडाशी केलेली ही तडजोड ध्यानात येते.

चौथ्या, सर्वांत सैल रचनेत दगडी तुळई चालतच नाही, लाकडीच घालावी लागते. व्हिट्रुव्हियसला ही देवळे आवडत नसत. ती बसकी, रुंद आणि डोक्याशी जड दिसतात असे त्याचे मत. रोमचे सर्वांत मानाचे, कॅपिटॉल टेकडीवरचे देऊळ या जातीचे होते. लाकडाला आगीचे भय असतेच. ते देऊळ इसवी सनापूर्वी 83 मध्ये जळाले आणि पुन्हा बांधावे लागले.

दगड आणि माणसे यांच्याखेरीज तिसरा विचार डोळ्यांचा. खण रुंद झाला की खांब जाड हवा, असे त्याने सांगितले आहे. दाट रचनेत खांबाची उंची जाडीच्या दहापट चालते. सर्वांत सैल रचनेत ती आठपटच असावी. म्हणजे 20 फूट उंचीचा खांब दाट रांगेत 2 फूट जाड पुरतो, सैल रांगेत तो अडीच फूट हवा. कारण, भोवती मोकळी हवा जास्त असली की ती खांबाला जणू खाते आणि खांब काडीसारखा दिसू लागतो. याच कारणासाठी कोपऱ्यावरचे खांब इतरांपेक्षा पन्नासाव्या हिश्शाने जाड करावेत, असेही तो सांगतो. पन्नासावा हिस्सा म्हणजे 2 फुटांत अर्धा इंचही नाही! एवढ्या फरकासाठी छिन्नी धरणारे हात त्या काळी होते.

मधला खण रुंद ठेवण्याचा विचार देवळांपुरता नव्हता. अथेन्सच्या टेकडीवर पार्थेनॉनकडे जाताना एक भव्य प्रवेशद्वार लागते. ते इसवी सनापूर्वी 437 मध्ये म्नेसिक्लिस नावाच्या वास्तुकाराने सुरू केले. त्याच्या दर्शनी बाजूला सहा खांब आहेत. बाजूच्या खांबांचे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर सुमारे 12 फूट, तर मधल्या दोघांचे सुमारे 18 फूट. अथेना देवीच्या उत्सवाची मिरवणूक आणि तिच्याबरोबरची जनावरे त्या मधल्या वाटेने वर जात. पालखीची वाट आधी आखायची आणि मग खांब रोवायचे, हा विचार तिकडच्या लोकांनाही सुचलेला होता.

आता पुन्हा व्हिट्रुव्हियसकडे. जी पाचवी रचना त्याने उत्तम ठरवली तिचे एकही उदाहरण रोममध्ये नाही, असे तो मोकळेपणाने कबूल करतो. उदाहरण देतो ते समुद्रापलीकडचे, आज तुर्कस्तानात असलेल्या तेओस गावच्या देवळाचे. तिचा कर्ता म्हणून तो हर्मोजेनिस या ग्रीक वास्तुकाराचे नाव सांगतो, जो इसवी सनापूर्वी 200 च्या सुमारास होऊन गेला.

या हर्मोजेनिसची आणखी एक गोष्ट जीर्णोद्धार करणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. मोठ्या देवळांना त्या वेळी गाभाऱ्याभोवती खांबांच्या दोन रांगा असत, एक बाहेरची आणि एक आतली. हर्मोजेनिसने आतली रांग काढून टाकली. बाहेरची होती तेथेच ठेवली. लांबून पाहणाऱ्याला देऊळ तेवढेच भारदस्त दिसते, आणि आत मात्र गाभाऱ्याभोवती दुप्पट रुंद मार्ग मिळतो. यामुळे खर्च वाचला, मेहनत वाचली, असे व्हिट्रुव्हियस लिहितो, आणि पुढे जोडतो की, अचानक जोराचा पाऊस आला तर आलेल्या लोकांना गाभाऱ्याभोवती आडोशाला उभे राहायला ऐसपैस जागा झाली. तेव्हा खांब काढणे हे पाप नव्हे. पण त्याने काढले ते नवे देऊळ आखताना, कागदावर. उभ्या देवळातला खांब काढणे ही निराळी गोष्ट आहे, कारण त्याच्या डोक्यावरची तुळई तेथे आधीच येऊन टेकलेली असते.

खांब काढण्यात धोका आहे हे सर्वांना पटते. खांब घालण्यातही धोका असतो, हे सहसा पटत नाही. इटलीचा थोर शास्त्रज्ञ गॅलिलिओ याने 1638 मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात एक हकीकत दिली आहे. संगमरवराचा एक मोठा खांब दोन टोकांखाली लाकडी ओंडके देऊन आडवा ठेवला होता. तो मध्ये मोडू नये म्हणून एका कारागिराने मधोमध तिसरा ओंडका देण्याची युक्ती काढली. सर्वांना ती आवडली. काही महिन्यांनी खांब मोडला, आणि मोडला तो बरोबर त्या तिसऱ्या ओंडक्यावर. टोकाचा एक ओंडका कुजून खाली बसला होता. मधला मात्र घट्ट राहिला. त्यामुळे खांबाचे एक टोक अधांतरी लटकले.

हे ऐकून या गावच्या जुन्या मंडळींना डाव्या हाताच्या तुळईखालचा सागाचा टेकू आठवेल. तुळईला चीर गेली म्हणून तो दिला होता, आणि पुढे कित्येक वर्षे तो तसाच राहिला. यंदा काम निघाले तेव्हा पाथरवटाने ओळंबा लावून पाहिले, तर दोष तुळईचा नव्हताच. कोपऱ्यातल्या खांबाचा तळखडा खचला होता. आधी तळखडा वर घेऊन पायात नवी भरती केली, मग तुळई बदलली आणि सर्वांत शेवटी टेकू काढला. कामाचा हा क्रम उलटा झाला असता तर काय झाले असते, ते गॅलिलिओच्या ओंडक्यावरून समजते.

दुरुस्तीने नुकसान झाल्याचे मोठे उदाहरण पार्थेनॉनचेच आहे. 1687 साली युद्धात तोफेचा गोळा पडून आत साठवलेल्या दारूचा स्फोट झाला आणि मधले खांब कोसळले. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीसएक वर्षांत ते पुन्हा उभे करण्यात आले. हेतू चांगला होता, खांबही उभे राहिले. परंतु दगड जोडताना लोखंडाच्या कांबी उघड्याच घातल्या. जुन्या ग्रीक कारागिरांनीही लोखंडच वापरले होते, पण त्यांनी त्याभोवती शिसे ओतले होते. नव्या कांबी गंजल्या, फुगल्या, आणि ज्या संगमरवराला त्यांनी धरायचे तोच त्यांनी फोडला. 1975 साली ग्रीस सरकारने समिती नेमली, आणि 1983 पासून पार्थेनॉनवर ते लोखंड काढून न गंजणाऱ्या टिटॅनियम धातूच्या कांबी बसवण्याचे काम सुरू झाले. जीर्णोद्धाराचाच जीर्णोद्धार करण्याची ही वेळ होती. देणगीदारांनी कामाच्या पावत्यांत सिमेंट किती गोणी लागले हे जसे पाहिले, तसे दगडात कोणते लोखंड गेले हेही विचारावे.

या गावाने अखेर जो मार्ग काढला तो सर्वांस ठाऊक आहे. जुना मंडप खांबांसह राहिला. लग्नकार्यासाठी समोर वेगळे सभागृह झाले, आणि त्याला मध्ये खांब नाही, कारण त्याच्या स्लॅबमधला ताण लोखंडी सळया घेतात. जुन्या मंडपाची मापे घेतली तेव्हा असे दिसले की बाजूचे खण प्रत्येकी साडेपाच फूट आहेत आणि गाभाऱ्यासमोरचा मधला साडेसात. ज्यांनी ते खांब उभे केले त्यांनी व्हिट्रुव्हियसचे नाव ऐकलेले नसणार. त्यांनी पालखी मोजली असणार.

राहता राहिले बायामंडळींचे म्हणणे. कीर्तनाच्या वेळी मधल्या खणासमोरची अर्धी जागा त्यांच्यासाठी सोडावी आणि पुरुष मंडळींनी बाजूच्या खणांत बसावे, अशी सूचना विश्वस्तांकडे आली आहे. तिच्यावर निर्णय पुढच्या बैठकीत व्हावयाचा आहे.