तंबू कुठे ठोकायचा?

गेले काही दिवस एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. ताडोबाकडे येतोय, तंबू आहे, स्लीपिंग बॅग आहे, दोन दिवस पायी चालून रात्री जंगलातच मुक्काम करायचाय, एखादी जागा सांगा ना. बहुतेकांनी अमेरिकेतले व्हिडिओ पाहिलेले असतात. पाइनचं जंगल, दलदलीवरून टाकलेल्या फळ्यांची वाट, पाण्याकाठी एकटा तंबू. बघायला फार छान वाटतं, मलाही वाटतं.

पण मी बोलतोय ऊर्जानगरातून. औष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. एकीकडे केंद्राच्या चिमण्या, दुसरीकडे कोळसा खाणींचे मातीचे ढिगारे आणि त्यावर माजलेली झुडपं, पलीकडे इरई धरणाचं पाणी. मोहर्लीकडे जाणारा रस्ता इथून जवळच. जंगल कुठे सुरू होतं हे वाघाला कुणी सांगितलेलं नाही. 2022 च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या आवारात कामावरून सायकलने घरी निघालेला कामगार वाघाच्या हल्ल्यात गेला. पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याने एका सोळा वर्षांच्या मुलाला नेलं. म्हणून अंधार पडला की आमच्याकडे झुडपाच्या कडेने कुणी फिरायला जात नाही. तिथे तंबू कुठे ठोकू, असं कुणी विचारलं की आमची माणसं म्हणतात, "झोपाचं त् घरी झोपा ना जी!"

तर सरळ उत्तर. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा साधारण 625 चौरस किलोमीटर आणि भोवतीचा बफर 1,100 चौरस किलोमीटर. गाभ्यात पर्यटकाने जिप्सीतून खाली पाय ठेवायचा नाही. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभा बंद. रिसॉर्टवाले ज्याला टेंट म्हणतात त्यात पलंग आणि एसी असतो, ती गोष्ट वेगळी.

काही जण म्हणतात, हे वनखात्याचे नखरे आहेत. नाहीत. 2021 च्या नोव्हेंबरात याच ताडोबात व्याघ्रगणनेसाठी पायी खुणा शोधत चाललेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावली. जंगल ओळखणारी, सोबत माणसं असलेली, दिवसाउजेडी. त्यानंतर तिथलं पायी सर्वेक्षण थांबवावं लागलं.

आणि वाघ सोडा. जमिनीवर झोपणाऱ्याला मला जास्त भीती वाटते ती मण्यारची. रात्री फिरणारा साप, अंथरुणात शिरतो, चावा इतका बारीक की कित्येकांना जागच येत नाही. तंबूची चेन दोन बोटं उघडी राहिली तरी पुरे. मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचायची, ही इथल्या म्हाताऱ्यांची सवय उगाच नाही.

मग रात्र जंगलात काढायचीच असेल तर? मचाण. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग बफरमध्ये पाणवठ्यांवरच्या मचाणांवर माणसं बसवतो, अर्ज करून जागा मिळते. पूर्वी याला प्राणिगणना म्हणत. आता वाघ मोजायचं काम कॅमेरा ट्रॅप करतात, त्यामुळे ही रात्र मोजण्यापेक्षा अनुभवण्याची. दुपारी चढायचं, सकाळी गाडी आली की उतरायचं. मधे काहीही झालं तरी खाली नाही. मे महिना, चंद्रपूरचा उन्हाळा, म्हणजे पाणी भरपूर न्या. मळकट रंगाचे कपडे, अत्तर नको, कुरकुर वाजणारी चिप्सची पाकिटं तर अजिबात नको. मी बसलोय तेव्हा बहुतेक वेळा सांबर, रानडुकरं आणि एखादं अस्वल. वाघ नाही दिसला म्हणून तोंड पाडून उतरणारे पाहिले की मला हसू येतं. रातव्याचा आवाज रात्रभर ऐकलात, तो कुठे गेला?

पायीच चालायचं असेल तर दिवसा, गडचिरोलीकडे. आलापल्ली-भामरागड रस्त्यावर 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' आहे. 1953 पासून जसंच्या तसं राखलेलं जुनं जंगल, 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झालं. तिथल्या सागाच्या बुंध्यापाशी उभं राहून वर बघितलं की मान दुखते. स्थानिक माणूस सोबत घ्या. वाघ त्या जिल्ह्यातही आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखासारख्या गावाकडे गेलात तर आधी ग्रामसभेला विचारा. 2009 पासून सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्या गावाचा सामूहिक हक्क आहे, ते कुणाचं मोकळं मैदान नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते. आपण ज्याला ट्रेल म्हणतो त्या पायवाटा आपल्यासाठी पडलेल्याच नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपानं तोडायला, काड्या आणायला गेलेल्या बायामाणसांच्या पायांनी त्या पडल्यात. मोह वेचणारी बाई वाकलेली असते, वाघाच्या नजरेला ती माणूस दिसत नाही. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानाला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. हौस म्हणून आपण जी जोखीम विकत घ्यायला निघतो, ती त्या पानांच्या एकेका पुड्यासाठी घेतात. त्या वाटेवर तुम्ही मोठ्याने गाणी लावलीत किंवा वाघ दिसावा म्हणून आत आत शिरलात, तर बिथरलेल्या जनावराशी दुसऱ्या दिवशी गाठ त्यांचीच पडते. तुम्ही तोवर नागपूरच्या गाडीत बसलेले असता.

मचाणाचे अर्ज उन्हाळ्यात निघतात, जागा लवकर संपतात. नजर ठेवा. पुढच्या भागात इरईच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांबद्दल बोलू.