पीक हिरवे आहे, पण स्वच्छ आहे का?

(कोन, ता. भिवंडी येथे शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



मघाशी चहा घेताना भाजीपाला करणाऱ्या एका काकांनी मला प्रश्न विचारला. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणता नाल्याचे पाणी वाईट. मग त्या पाण्यावरचा पालक विहिरीच्या पाण्यावरच्या पालकापेक्षा हिरवागार का येतो?" प्रश्न अगदी रास्त आहे. माझे आजचे बोलणे म्हणजे या प्रश्नाचे उत्तरच समजा.

नाल्याच्या पाण्यात वस्तीचे सांडपाणी असते. त्यातून पिकाला नत्र आणि स्फुरद मिळते, म्हणून पाने गडद हिरवी व लुसलुशीत होतात. पण त्याच पाण्यात कारखान्याचे पाणी मिसळलेले असले, तर कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल असे जड धातूही येतात. त्यांना रंग नाही, वास नाही, चव नाही. पानाचा रंग नत्राचे काम सांगतो, धातूबद्दल काही सांगत नाही.

आपल्या भागात हे धातू येतात कोठून?

कोन गाव उल्हासच्या खाडीकाठी आहे. वरच्या अंगाने काळू नदी उल्हासला मिळते. अंबरनाथ, उल्हासनगरकडून वालधुनी येते. भिवंडीकडून कामवारीचे पाणी खाडीला जाते. या सर्व पट्ट्यात कारखाने, रंगाई आणि धातूवर मुलामा देण्याचे उद्योग पूर्वीपासून आहेत. कापडाच्या काही रंगांमध्ये क्रोमियम, तांबे व कोबाल्ट असते. मुलामा देण्याच्या कामात निकेल, क्रोमियम व जस्त वापरतात. जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या कामातून शिसे बाहेर पडते. पेट्रोलमधील शिसे आपल्या देशात २००० साली बंद झाले, परंतु त्याआधी मोठ्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत पडलेले शिसे अजून तेथेच आहे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. शेण कुजते, पालापाचोळा कुजतो, बरीचशी कीटकनाशकेही काही काळाने विघटन पावतात. धातू कुजत नाही. तो वरच्या वीतभर थरात साठत राहतो. दरवर्षी थोडा थोडा आला तरी हिशेब वाढतच जातो.

रोपाला इजा कशी होते?

लोह, जस्त, तांबे, मँगनीज हेही धातूच आहेत आणि ते पिकाला अल्प प्रमाणात हवे असतात. त्यांना आत घेण्यासाठी मुळांच्या पेशींवर जणू दारे असतात. कॅडमियमची पिकाला काहीच गरज नाही, पण ते याच दारांतून आत घुसते. भातामध्ये ते मुख्यत्वे मँगनीजच्या दाराने शिरते, असे संशोधनाने सिद्ध झाले आहे.

पहिला फटका मुळांना बसतो. मुळाच्या टोकाची वाढ थांबते. मुळे आखूड, जाड व तपकिरी होतात आणि केशमुळे कमी फुटतात. मग जमिनीत ओल असूनही रोप दुपारी मलूल दिसते. पेशीतील विकरे म्हणजे रोपाचे कामकरी. धातू त्यांना चिकटून बसला की त्यांचे काम बंद पडते. लोहाचे शोषण बिघडल्याने हरितद्रव्य कमी तयार होते व कोवळी पाने शिरांच्या मध्ये पिवळी पडतात. हे लक्षण पाहून आपण लोहाची किंवा जस्ताची कमतरता समजतो व फवारणी करतो. फवारणी करूनही पिवळेपणा जात नसेल, तर एक रोप उपटून मुळे पाहावीत.

रोप तोंड कसे देते?

रोपाला जागा सोडून पळता येत नाही. म्हणून त्याने जागेवरच बचावाचे मार्ग तयार केले आहेत. मुळांतून सेंद्रिय आम्ले बाहेर सोडून ते काही धातू मुळाबाहेरच बांधते. आत आलेला काही भाग पेशीच्या भिंतीत अडकवते. जो त्यापुढेही जातो, त्याच्यासाठी गंधकयुक्त अशी लहान साखळी तयार करून त्याला जखडते. १९८५ साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी हा पदार्थ वनस्पतींमध्ये शोधून काढला. त्याला फायटोकेलेटिन म्हणतात. जखडलेला धातू रोप पेशीतील रिक्तिकेत कोंडून ठेवते. घरातील अडगळीची खोली जशी, तशी ही रिक्तिका.

आता काकांच्या प्रश्नाचा खरा धागा हाती येतो. ही अडगळीची खोली जर पानात असेल, तर रोप सुखरूप राहते आणि धातू मात्र पानात साठतो. तेच पान आपण खुडून जुडी बांधतो. म्हणजे सोसणारे रोप हे खाणाऱ्याच्या दृष्टीने अधिक धोक्याचे. जे रोप कोमेजते, ते निदान इशारा देते. मोहरी व तंबाखू ही पिके कॅडमियम पानापर्यंत पोचवण्यात पटाईत आहेत. पालक, माठ यांसारख्या पालेभाज्यांतही ते अधिक साठते. भेंडी, वांगी, दुधी यांसारख्या फळभाज्यांच्या फळात सहसा कमी जाते. शिसे बहुतांशी मुळातच अडकते. पालेभाजीवर ते असले तर पुष्कळदा धुळीतून पडलेले असते.

भात आणि खाचरातील पाणी

आपले मुख्य पीक भात, म्हणून त्याविषयी थोडे अधिक. खाचरात पाणी उभे असताना मातीतील हवा संपते. अशा स्थितीत कॅडमियम गंधकाशी बांधले जाऊन न विरघळणारे होते. पाणी काढून टाकले की मातीत हवा शिरते, हे बंधन सुटते आणि कॅडमियम पुन्हा मुळांना मिळू लागते. म्हणून पीक निसवताना आणि दाणा भरताना खाचर कोरडे पडले, तर दाण्यात कॅडमियम जास्त जाण्याचा धोका असतो.

जपानने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला. तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका ही खाण होती. तिच्यातील कॅडमियम नदीच्या पाण्याबरोबर भातखाचरांत येत राहिले. तो भात वर्षानुवर्षे खाऊन लोकांची मूत्रपिंडे बिघडली आणि हाडे ठिसूळ झाली. त्यात अनेक बाळंतपणे झालेल्या प्रौढ स्त्रिया अधिक होत्या. वेदनेने त्या "इताई, इताई" म्हणजे "दुखतंय, दुखतंय" असे कण्हत, म्हणून रोगाचे नावच इताई-इताई पडले. १९६८ साली जपान सरकारने हा प्रदूषणाचा रोग असल्याचे मान्य केले. पुढे सुमारे ८६० हेक्टर जमिनीवर नवी माती घालण्याचे काम १९७९ ते २०१२ पर्यंत, म्हणजे तेहेतीस वर्षे चालले. खाचरे बिघडवली नदीच्या पाण्याने, आणि ती दुरुस्त होईपर्यंत एक पिढी गेली.

तेथील दूषित भागात शेतकऱ्यांना आता निसवण्याच्या आधी तीन आठवडे व नंतर तीन आठवडे खाचरात पाणी उभे ठेवण्यास सांगितले जाते. कॅडमियम अगदी कमी घेणारा 'कोशिहिकारी' भाताचा वाणही तेथे तयार झाला आहे. मँगनीजचे जे दार मी मघाशी सांगितले, तेच त्यात निकामी झालेले आहे.

आपण काय करावे?

१) माती तपासावी. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश कळते. कॅडमियम, शिसे कळत नाही. ही तपासणी वेगळी मागावी लागते. त्यासाठी कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. जेथून पाणी शेतात शिरते, तेथील नमुना वेगळा घ्यावा, कारण धातू तेथेच अधिक साठतो. नमुना लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या साधनाने घ्यावा. गंजलेली किंवा जस्ताचा मुलामा दिलेली अवजारे वापरू नयेत.

२) सामू पाहावा. आम्ल जमिनीत कॅडमियम, जस्त, निकेल अधिक विरघळतात. सामू ६.५ पेक्षा कमी असल्यास परीक्षणाच्या शिफारशीप्रमाणे चुना द्यावा. खार जमिनीचा सामू पुष्कळदा मुळातच जास्त असतो, तेथे चुन्याची घाई करू नये.

३) बांध व उघाडी दुरुस्त ठेवाव्यात. खाडीच्या खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे कॅडमियम मातीतून सुटून पिकाला सहज मिळते. म्हणजे बांध फुटला तर नुकसान केवळ मिठाचे नाही.

४) चांगले कुजलेले शेणखत घालावे. ते धातू धरून ठेवते. विकतच्या शहरी कंपोस्टची चाचणी पाहूनच खरेदी करावी. खत नियंत्रण आदेशानुसार अशा खतात एका किलोत कॅडमियम ५ मिलिग्रॅम व शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

५) राब भाजताना शेण, गवत, पालापाचोळा यांचाच उपयोग करावा. चिंध्या, रबर, वायर, प्लॅस्टिक राबावर जाळू नये. कशाची आहे हे ठाऊक नसलेली बॉयलरची राख शेतात टाकू नये. ज्या वाफ्यात रोप तयार होते, तेथेच विष कालवण्यासारखे ते आहे.

६) शंका असलेल्या जागेत पालेभाजी व कंदभाजी घेऊ नये. तेथे झेंडू, मोगरा यांसारखी फुलझाडे घ्यावीत. अशा जागेतील पेंढा गुरांना घालण्यापूर्वीही विचार करावा, कारण भातात दाण्यापेक्षा पेंढ्यात कॅडमियम अधिक असते.

७) भात निसवल्यापासून दाणा भरेपर्यंत खाचर कोरडे पडू देऊ नये. पाणी काढणीपूर्वी आठ-दहा दिवस सोडावे. मात्र जमिनीत आर्सेनिक आढळले, तर उभ्या पाण्याने ते उलट वाढते. म्हणून आधी तपासणी, मग उपाय.

शेवटी एक गोष्ट सांगतो. हे पाणी शेतकऱ्याने घाण केलेले नाही. उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले आणि २०१५ साली लवादाने दंडाचा आदेश दिला. असे दाद मागण्याचे मार्ग आहेत. नाल्याला रंगीत पाणी दिसले की तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवावे आणि ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्यावी. पण त्याचा निकाल लागेपर्यंत आपल्या शेतात कोणते पाणी घ्यायचे, हे आपल्या हाती आहे.

काका, तुमचा पालक हिरवा आहे, कारण त्याने स्वतःचा जीव वाचवला आहे. तो खाणाऱ्याचा जीव वाचवण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. ती आपल्यावर आहे. बाजारात नेण्यापूर्वी त्यातली पहिली जुडी आपल्याच घरी शिजते, हेही विसरू नये.