मेघालयात जमीन कोणाची?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

आसामच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे चढत जाणारे आणि पलीकडे बांगला देशच्या मैदानात कड्यासारखे कोसळणारे पठार म्हणजे मेघालय. गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांचा हा प्रदेश २१ जानेवारी १९७२ रोजी पूर्ण राज्य झाला. क्षेत्रफळ २२,४२९ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे तीस लाख भरली. पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहणारी.

सोहरा म्हणजे चेरापुंजी येथे वर्षाला सरासरी अकरा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी हिवाळ्यात तेथील स्त्रिया पाण्यासाठी झऱ्यापर्यंत पायपीट करतात. माती पातळ, उतार तीव्र, खडक चुनखडीचा. पाणी थांबत नाही. या राज्यातील संपत्तीचेही असेच आहे. ती आहे, पण गरिबाच्या दारी थांबत नाही.

दक्षिण उतारावरील संत्री, सुपारी आणि चुनखडी यांची जुनी बाजारपेठ सिल्हेटची. १९४७ च्या फाळणीने ती परदेशात गेली आणि उत्पादकाला लांबच्या, महाग वाटेने फिरावे लागले.

आता जमिनीकडे वळू. सहाव्या अनुसूचीखालील स्वायत्त जिल्हा परिषदा आणि १९७१ चा जमीन हस्तांतर कायदा यांमुळे बाहेरच्या बिगर-आदिवासीला येथे सहजी जमीन घेता येत नाही. हे संरक्षण मोलाचे आहे. त्याचे समर्थन आपण केलेच पाहिजे. परंतु कुंपण फक्त बाहेरच्या बाजूला आहे. खासी परंपरेत ‘री राइद’ ही समाजाची जमीन आणि ‘री किंती’ ही कुळाची वा खाजगी जमीन. पहिलीचे रूपांतर दुसरीत होत गेले आणि समाजातीलच पैसेवाले मालक झाले. बहुतेक भागात जमिनीची पद्धतशीर मोजणी झालेली नाही. आपल्याकडील सातबाऱ्यासारखा कागदच नसेल, तर भूमिहीन झालेल्याने दाद कशाच्या आधारे मागावी?

कोळशाने हे उघडे पाडले. १९७३ मध्ये देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, पण जैंतिया टेकड्यांत जमीनमालकच खाणमालक राहिले. उंदराच्या बिळासारख्या भुयारांत मजूर सरपटत कोळसा खोदत. आम्लयुक्त पाण्याने नद्या निर्जीव झाल्या. एप्रिल २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या पद्धतीवर बंदी घातली. तरीही १३ डिसेंबर २०१८ रोजी क्सान येथील बेकायदा खाणीत पाणी घुसून पंधरा मजूर अडकले. बहुतेक गारो टेकड्यांतले आणि आसाममधले. दोनच मृतदेह बाहेर काढता आले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिजावरील जमीनमालकांचा हक्क मान्य केला, मात्र खाणकाम कायद्यानुसारच व्हावे असे बजावले.

मालकाचा हक्क निश्चित झाला. मजुराचा कधी होणार?

कोणी म्हणेल, हा आदिवासींचा अंतर्गत प्रश्न, आपण बोलू नये. साथींनो, स्वायत्ततेचा आदर म्हणजे तिच्या आतील शोषणाबाबत मौन नव्हे. सामाईक जमिनीची नोंद गावकऱ्यांनी स्वतः करावी, त्या कामात स्त्रियांना बरोबरीचे स्थान असावे. कारण खासी समाजात वारसा कन्येकडे जात असला तरी परंपरेने ग्रामदरबार पुरुषांचाच राहिला आहे. आणि खाणीत उतरणाऱ्या प्रत्येक मजुराचे नाव हजेरीपटावर असावे. या मागण्या तेथील कष्टकरी उचलतील तेव्हा आपण त्यांच्या पाठीशी उभे राहायचे आहे. जमीन समाजाची आहे, एवढे म्हणून भागत नाही; त्या समाजात शेवटच्या माणसाचा वाटा किती, हे विचारणे हेच समाजवाद्याचे काम आहे.