स्टीअरिंगचं ऑइल टॉप-अप करून किती दिवस चालवणार?

खडकवासल्याहून बोलतोय. मागे धरणाच्या रस्त्यावरचे रविवारचे हॉर्न ऐकू येतील, तेवढं चालवून घ्या.

आजचा विषय आहे जुन्या गाडीचं गळणारं पॉवर स्टीअरिंग. बाबांची २००६ ची सेडान आहे. आठ महिने मी दर पंधरा दिवसांनी बॉनेट उघडून स्टीअरिंगचं ऑइल भरत होतो. ऑफिसमध्ये बग न शोधता सर्व्हर रीस्टार्ट करणाऱ्यांवर मी वैतागतो, आणि घरी स्वतः तेच करत होतो. बाबांना सांगितलं नाही. खर्च टाळायचा होता, दुसरं काय!

मग एका रविवारी बाबा आईला घेऊन सिंहगडावर निघाले. त्या पंधरवड्यात मी ऑइल बघायला विसरलो होतो. घाटातल्या वळणावर स्टीअरिंग एकदम जड झालं. अशा वेळी चाकं वळतात, कारण स्टीअरिंगचा आणि चाकांचा जोड लोखंडीच असतो. पण सगळा जोर आपला लागतो. बाबांचा खांदा आखडलेला. कशीबशी गाडी कडेला घेतली आणि मला फोन केला, "तुला माहीत होतं का रे?"

हो म्हणालो. दुसरं काय बोलणार?

आता नेमकं काय झालं ते सांगतो. इंजिनच्या बेल्टवर एक पंप फिरतो. तो दाबाने ऑइल रॅकमध्ये पाठवतो आणि ते ऑइल रॅकला ढकलायला मदत करतं. रॅकच्या टोकांना रबरी सील असतात. वय झालं की ते कडक होतात आणि गळतात. ऑइल कमी झालं की पंप हवा ओढतो, घूं घूं आवाज येतो आणि मदत जाते.

धायरीतल्या गॅरेजवाल्या काकांनी रॅकच्या रबरी बुटाची क्लिप सोडली, तर आतून ऑइलच सांडलं. पर्याय तीन होते: नुसते सील बदलणं, रिकंडिशन्ड रॅक किंवा नवा रॅक. काकांनी दांड्यावर नख फिरवायला लावलं. गंजाचे खड्डे लागले. अशा दांड्यावर नवे सीलही लवकर फाटतात. म्हणून नवा रॅक घेतला.

तुम्ही काम करून घ्याल तेव्हा चार गोष्टी बघा. रॅक काढण्याआधी स्टीअरिंग सरळ करून बांधून ठेवायला सांगा. एअरबॅगच्या गाडीत ते मोकळं फिरलं तर आतली वायरची पट्टी तुटते. जुनं ऑइल पूर्ण काढायला लावा. नवं ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच भरा, आणि स्टीअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून हवा काढून घ्या. शेवटी व्हील अलाइनमेंट कराच, नाहीतर टायर एका बाजूने झिजतील.

बिल मी भरलं. परवा बाबा पुन्हा गडावर जाऊन आले. निघण्याआधी त्यांनी स्वतः बॉनेट उघडून ऑइलची पातळी बघितली. मी शेजारीच उभा होतो, काही बोललो नाही. तो विश्वास परत यायला रॅकपेक्षा जास्त वेळ लागणार.

तुमच्या गाडीतही ऑइल सारखं कमी होत असेल, तर आज घरच्यांना सांगा. गॅरेजला उद्या जा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!